हेळव्याची वही, डार्विनची वही

सुगी आटोपली की कागल, गडहिंग्लजकडच्या गावांत हेळवी येतो. सोप्यात घोंगडं अंथरलं जातं, तो आपली चोपडी उघडतो आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, त्यांतला कोण कुठल्या गावी जाऊन राहिला, हे एका सुरात वाचत जातो. घरातली म्हातारी माणसं माना डोलावतात. नुकत्याच जन्मलेल्या पोराचं नाव शेवटी लिहून घ्यायला लावतात. मग धान्य, पैसे घेऊन हेळवी पुढच्या घरी जातो.

हे वाचन ऐकणाऱ्याला एक गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. पलीकडच्या गावातली भावकी आपली पूर्वज नसते. ती आपल्याच काळातली, आपल्याच बरोबरीची असते. वर कुठेतरी दोघांचा आजा-पणजा एक निघतो.

1837 साली 28 वर्षांच्या चार्ल्स डार्विननं आपल्या वहीत नेमकं असंच एक चित्र काढलं. एका बुंध्यातून फुटलेल्या फांद्या, फांद्यांना फुटलेल्या डहाळ्या. काही डहाळ्या मधेच खुंटलेल्या, काही आजपर्यंत पोचलेल्या. 1859 मध्ये त्याचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झालं तेव्हा त्या जाडजूड ग्रंथात आकृती एकच होती, आणि तीही फांद्यांची. सगळ्या सजीवांची मिळून एकच वंशावळ आहे, हे त्याचं म्हणणं. त्या वंशावळीत फांद्या कशा फुटतात याचं कारणही त्यानं दिलं. एकाच जातीच्या पिल्लांत थोडाथोडा फरक असतो. जो फरक त्या ठिकाणी जगायला उपयोगी पडतो, तो पुढच्या पिढ्यांत वाढत जातो. याला नैसर्गिक निवड म्हणतात.

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत वैदिक संमेलन भरलं होतं. केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस झालेला आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून त्यांचं म्हणणं खोडून काढलं. पण हा प्रश्न केवळ एका मंत्र्याचा नाही. शाळेतल्या फळ्यापासून चहाच्या टपरीपर्यंत तो विचारला जातो: माकडापासून माणूस झाला, तर आज माकडं कशी उरली? हेळव्याला विचारावं. चुलत घराणं अजून नांदतंय म्हणून आपलं घराणं खोटं ठरत नाही. चिंपांझी आणि माणूस यांचा समाईक पूर्वज साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वीचा. तो आजचा चिंपांझी नव्हता आणि आजचा माणूसही नव्हता.

अमेरिकेत 1925 साली उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरला गेला. आपल्याकडे इतकं उघड भांडण क्वचितच झालं. आपल्याकडे जास्त ऐकू येतं ते, ‘हे तर आमच्या पुराणांत आधीच आहे.’ आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलं की लाखकाम केलेली गोल गंजिफाची पानं मिळतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 पानं. एकेका अवताराचं एकेक पान ओळीनं मांडावं: मासा, कासव, वराह, अर्धा सिंह अर्धा माणूस, बुटका वामन, मग पुरा माणूस. पाण्यातून जमिनीवर, पशूपासून माणसाकडे. उत्क्रांतीच समोर मांडल्यासारखी वाटते. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी 1882 मध्येच अवतारांचा असा अर्थ लावला होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनीही सांख्यांच्या सृष्टिक्रमाची तुलना डार्विन आणि हेकेल यांच्या मतांशी केली आहे. परक्या राजवटीत आपल्या विद्येचा मान राखण्याची ती धडपड होती, हे समजून घ्यायला हवं.

तरीही ही ओळ फसवी आहे. अवतार म्हणजे उतरणं. देव ठरवून, काही कामासाठी खाली येतो. नैसर्गिक निवडीला ठरवलेलं काम नाही, आणि माणूस हे तिचं मुक्कामाचं ठिकाणही नाही. श्रद्धेला खरा धक्का बसतो तो इथे. तो नाकारण्यात अर्थ नाही. ओळीत मांडलेल्या पानांनी तो फक्त झाकला जातो.

पाऊस लागला की सह्याद्रीतल्या ओल्या मातीत देवगांडूळ सापडतं. गांडुळासारखं दिसतं, पण ते बेडकाच्या भावकीतलं, पाठीचा कणा असलेलं उभयचर आहे. त्याच्या पूर्वजांना पाय होते. मातीत शिरून जगताना ते गेले. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात, त्या मागच्या पायांच्या खुणा. उत्क्रांती जिना असती, तर कुणी पाय टाकून दिले नसते.

दशावतारांना प्रश्न विचारणारा माणूस मराठीतच होऊन गेला. 1873 च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुले आणि धोंडिबा यांचा संवाद आहे. माशाच्या पोटी माणूस कसा येईल, हे जोतीराव तिथे शरीररचनेवरून तपासतात. मासळी पाण्यात अंडी घालते, बाईला मूल होतं. दोघांचे अवयव वेगळे, खाणं वेगळं, राहणं वेगळं. फुले उत्क्रांती मांडत नव्हते, त्यांचा रोख ब्राह्मणी वर्चस्वावर होता. पण पुराणकथेला जीवशास्त्राचा प्रश्न विचारायची रीत त्यांनी घालून दिली. आणि हेच फुले निर्मिकावर, म्हणजे सृष्टी घडवणाऱ्यावर, श्रद्धा ठेवून होते. श्रद्धा आणि चिकित्सा एका माणसात राहू शकतात, याचं याहून जवळचं उदाहरण शोधायची गरज नाही. त्यांचा विचार राजर्षी शाहूंच्या पाठबळानं कोल्हापुरात रुजला. 1911 मध्ये इथे सत्यशोधक समाज स्थापन झाला.

पुराव्यासाठीही दूर जायला नको. 2009 मध्ये वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी दाजीपूरच्या जंगलातून एका पालीची नवी जात जगापुढे आणली: नेमास्पिस कोल्हापुरेन्सिस. बोटाएवढी, दिवसा हिंडणारी, जमिनीवर राहणारी. तिच्या खवल्यांची रचना अशी बारीक, की उजेड पडला की अंगावर इंद्रधनुषी झाक उमटते. या कुळातल्या कितीतरी जाती सह्याद्रीत आहेत आणि बहुतेक जातींचा मुलूख अगदी लहान. मध्ये खोल दरी आली, कोरडं पठार आलं, की दोन बाजूंच्या पाली एकमेकींना भेटत नाहीत. पिढ्यान् पिढ्या फरक साचत जातो आणि भावकी वेगळी होते.

2023 मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्रावर सह्या केल्या. त्यांची काळजी रास्त होती. दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला हा विषय पुन्हा कधीच भेटत नाही. बालभारतीनं 2018 साली काढलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2’मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. त्यात माकडहाड आहे, अक्कलदाढ आहे, प्लॅटिपस आहे.

शिक्षकांनी हा धडा चार गुणांपुरता उरकू नये. राधानगरी-दाजीपूरला सहल निघाली की गवे पाहून मुलं परत फिरतात. पुढच्या वेळी त्यांना तासभर दगडांपाशी थांबवावं. कोल्हापूरचं नाव लावणारी ती पाल तिथेच राहते.