पॅटन रणगाड्यासमोर सेल्फी काढण्याआधी…

देवळालीचे तोफखाना स्कूल आणि भोसला मिलिटरी स्कूल यांमुळे नाशिककरांना लष्करी गणवेश नवा नाही. लष्कराचा इतिहास मात्र जवळून पाहायचा, तर गंगापूर रोडवरून एका दिवसाची सहल पुरते. सिन्नर, शिर्डी, राहुरीमार्गे अहिल्यानगर गाठले, की फराह बागेजवळ रणगाड्यांचे संग्रहालय आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी १९९४ मध्ये उभारले. सुमारे ५० रणगाडे आणि चिलखती गाड्या तेथे आहेत.

सर्वाधिक गर्दी होते ती पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या अमेरिकन बनावटीच्या पॅटनसमोर. फोटो जरूर काढावा. पण पॅटनचा दरारा ज्यांनी मोडला, त्या डिव्हिजनची गोष्ट माहीत असेल तर हे लोखंड बोलू लागते.

डिव्हिजन म्हणजे काय?

मेजर जनरलच्या हाताखालची, साधारण १५ ते १८ हजार सैनिकांची तुकडी म्हणजे डिव्हिजन. त्यात सहसा तीन ब्रिगेड, शिवाय तोफखाना, इंजिनीअर, सिग्नल, रसद आणि वैद्यकीय पथके असतात. म्हणजेच ती स्वतःच्या बळावर लढू शकणारी छोटी फौजच.

'लाल गरुड' कोण?

चौथ्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह लाल गरुड. दुसऱ्या महायुद्धात तिने १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनची लढाई जिंकण्यात मोठा वाटा उचलला. पुढे उत्तर आफ्रिकेत ती लढली. १९४४ मध्ये इटलीत माँटे कॅसिनोच्या डोंगरावर मात्र जबर किंमत मोजूनही तिला यश आले नाही.

आणि १९६२?

हे पान सहसा घाईने उलटले जाते. चीनविरुद्धच्या युद्धात आजच्या अरुणाचल प्रदेशातील कामेंग भागाची जबाबदारी याच डिव्हिजनवर होती. २० ऑक्टोबर १९६२ रोजी नामका चू नदीकाठी तिची सातवी ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. ब्रिगेडिअर जॉन दळवी युद्धकैदी झाले. नोव्हेंबरमध्ये सेला आणि बोमदिलाही हातचे गेले. केरेन गाजवणारी डिव्हिजन विस्कळीत होऊन मागे आली. अपुरी तयारी, तोकडे कपडे, अपुरा दारूगोळा आणि दिल्लीतून येणारे अवास्तव आदेश यांची किंमत जवानांनी चुकवली. दळवी यांनी पुढे 'हिमालयन ब्लंडर' या पुस्तकात या पराभवाची परखड चिकित्सा केली.

तीन वर्षांत काय बदलले?

सप्टेंबर १९६५. माउंटन डिव्हिजन म्हणून नव्याने बांधलेली हीच तुकडी आता पंजाबच्या खेमकरण भागात होती. सुरुवात पुन्हा वाईट झाली. ६ सप्टेंबरचा हल्ला फसला आणि मागे यावे लागले. मात्र या वेळी माघार विस्कळीत झाली नाही. मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी आसल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी बचावफळी रचली. शेतांत पाणी सोडले गेले. रणगाडे उसाच्या फडात दडवले गेले. समोर होती पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन.

पॅटन पुढे आले, चिखलात रुतले आणि तिन्ही बाजूंच्या माऱ्यात सापडले. जीपवरील रिकॉइललेस तोफेने रणगाडे टिपणारे हवालदार अब्दुल हमीद १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. भारतीय नोंदींनुसार या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले.

संग्रहालयात काय पाहावे?

भारताकडून आसल उत्तरला सेंच्युरियन, शर्मन आणि एएमएक्स-१३ हे रणगाडे लढले. हे प्रकार नगरच्या संग्रहालयातही आहेत, त्यामुळे तुलना जागेवरच करता येते. एएमएक्सचे वजन सुमारे १५ टन, तोफ ७५ मिलिमीटरची. पॅटन सुमारे ४५ टनांचा, तोफ ९० मिलिमीटरची. हे दोन्ही पाहिले, की यंत्र वरचढ असूनही पॅटन का हरले, हा प्रश्न मुलांना आपोआप पडेल. जमिनीची निवड, पाणी, ऊस, संयम आणि १९६२ मधून घेतलेला धडा, हे त्याचे उत्तर. राहुरीच्या वाटेवर दुतर्फा दिसणारा ऊस मुलांना दाखवला, तर उंच फडात रणगाडा कसा लपत असेल, हेही कळेल.

जाण्यापूर्वी

- संग्रहालय लष्कराच्या अखत्यारीत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा.
- वेळ आणि सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्या.
- फोटो काढण्याबाबत तेथील सूचना पाळा.
- मुलांना केरेन, सेला आणि आसल उत्तर ही तीन ठिकाणे नकाशावर आधी दाखवा.