पहिला अल्बम कॅसेटचाच का?

पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत अनेकांचा पहिला अल्बम कॅसेटचा असणं स्वाभाविक होतं, असं मला ठामपणे वाटतं. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणजे एकच गाणं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं प्रसारित होऊन गाजलेलं ५६ गीतांचं ‘गीतरामायण’ घरात ठेवायला एलपीच, म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडीच हवी होती. पण रेकॉर्डप्लेअरला स्थिर जागा लागते आणि जपणारा हातही. कॅसेटप्लेअर सेलवर चालायचा, सुट्टीत गावी जाताना पिशवीत मावायचा. भाड्याच्या खोलीत चौघांत राहणाऱ्याला तोच सोयीचा.

एलपीचा आवाज सरस, हा आक्षेप खराच. पण गायक प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं नि भीमगीतं घरोघरी पोहोचली ती कॅसेटमुळे. सीडीचा आवाज स्वच्छ होता, मात्र कोऱ्या कॅसेटसारखी आवडीची गाणी भरून घेण्याची मुभा तिने सुरुवातीला दिलीच नाही.