गादी, गोधडी आणि रेकॉर्डिंग!

पुण्यातल्या डेडलाइन्सना टाटा करून या उन्हाळ्यात मी महिनाभर खामगावला आमच्या घरी गेले. बॅगेत लॅपटॉप, कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस आणि डोक्यात एकच प्लॅन... आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या. आजी ८४ वर्षांची. तिच्या ओव्या कुठल्याच वहीत नाहीत आणि दर दिवाळीला गेलं की त्यातल्या एकदोन ओळी गळालेल्या असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आज ‘परी’च्या साइटवर वाचता येतात. आपल्याला निदान घरातल्या तरी जमतील की!

माडीवरची खोली रिकामीच होती. दहा बाय दहा, स्लॅबही दहा फुटांवर. खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट. झाला की स्टुडिओ! पहिला टेक हेडफोनवर ऐकून आजीच म्हणाली, ‘काहून वं, मी काय इहिरीतून बोलून रायली?’

एका वाक्यात साउंड इंजिनीअरिंग!

मग मी काय केलं, हसू नका. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. फरक शून्य. ऑनलाइन एक इंची फोम मागवला. त्यानं ‘स’ आणि ‘श’ तेवढे मऊ झाले, विहीर तशीच. नवा माइक घ्यावा का, म्हणून किमती बघायलाही लागले होते.

दोष माइकचा नव्हताच, खोलीचा होता. लांबी, रुंदी, उंची सारखी असली की तिन्ही दिशांचा घुमारा त्याच त्याच सुरांवर साचतो. दहा फुटांच्या खोलीत साधारण ५६, ११२, १६८ हर्ट्झ वगैरे. आजीचा खालचा सूर नेमका तिथेच! फोम किंवा कापसात हवेची हालचाल अडते आणि आवाजाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. पण खालच्या सुरांचा तरंग मोठा, १०० हर्ट्झला जवळपास ३.४ मीटर. त्याच्यापुढे एक इंच फोम म्हणजे पुरापुढे पायपुसणं.

१८९५ मध्ये हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये बोललेलं कुणाला कळेना, तेव्हा वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकानं शेजारच्या थिएटरातल्या सीटवरच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि स्टॉपवॉच लावून घुमारा किती कमी होतो ते मोजलं. हॉल अकूस्टिक्सचं शास्त्र इथून सुरू झालं. चक्क गाद्यांपासून!

आणि मी होते कुठे? खामगावात! ज्या गावच्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबहून खास रेल्वेचा फाटा आणला, तिथे मी फोम मागवत होते. बाबा म्हणाले, ‘माळ्यावर सहा गाद्या पडल्यात, त्या घे ना.’

गाद्यांच्या वळकट्या करून कोपऱ्यांत स्लॅबपर्यंत रचल्या, कारण हे सूर कोपऱ्यात सर्वात जास्त साचतात. खाली सतरंजी. माइक समोरचं जास्त ऐकतो, म्हणून आजीच्या पाठीमागे भिंतीपासून हातभर सोडून दोन गोधड्या टांगल्या. आणि फुकटातला उपाय म्हणजे माइक दोन हातांवरून एका वितीवर आणला, ओठांच्या जरा बाजूला. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलनं वाढतो, घुमारा मात्र तेवढाच राहतो. टाळी वाजवली. टप्... बस्स!

गाद्या बाहेरचा आवाज अडवत नाहीत हं. रिक्षा, शेजारचा कूलर, आमचा पंखा सगळं येतच होतं. म्हणून पहाटे साडेचारला पंखा बंद करून, लॅपटॉप बॅटरीवर टाकून बसलो. आजीला नवल वाटलं नाही. दळायची वेळ हीच असते म्हणे. पण ओवी तिसऱ्या ओळीला अडली. ‘हात फिरल्याबिगर येत नाई वं.’ खरं जातं आणलं तर घरघर रेकॉर्ड होणार. शेवटी घडी केलेल्या गोधडीवर एक वाटी पालथी घालून दिली. आजी ती गोल फिरवत राहिली, अजिबात आवाज न करता, आणि अडलेली ओळ आली. मागोमाग मी कधीच न ऐकलेल्या आणखी चारही आल्या.

एकूण ३१ झाल्या. बांगड्या किणकिणतात तो टेकही मी ठेवलाय. उरलेल्या दिवाळीत. गाद्यांना हात लावू नका, असं घरी बजावून आलेय. पाहुण्यांना काय जमिनीवर झोपवू, असं आईनं विचारलंय.