जगाचा कानोसा : लघुलहरी श्रवणाचा छंद

उत्तर भारतातील असंख्य घरांत सांजवातीची आणि बीबीसी हिंदीच्या बातम्यांची वेळ एकच असे. मे १९४० मध्ये सुरू झालेली ही सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी लघुलहरींवरून, अर्थात शॉर्टवेव्हवरून, थांबली आणि या लहरींचा काळ संपला असा समज रूढ झाला. मात्र २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकताच बीबीसीने तेथील श्रोत्यांसाठी याच लहरींवर रोज चार तासांचे इंग्रजी वार्ताप्रसारण सुरू केले. आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या या लहरींना वाटेत मनोरे लागत नाहीत, की तारा.

लखनौच्या रायबरेली मार्गावर उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वसविलेल्या वृंदावन योजनेसारख्या आधुनिक वसाहतीत मात्र एक अडचण येते. सिमेंट-लोखंडाच्या भिंती लहरी अडवितात. एलईडी दिवे, चार्जर व राउटर खरखर निर्माण करतात. त्यावरील उपाय खर्चिक नाही. आकडे दाखविणारा, बॅटरीवर चालणारा साधा संच घेऊन बाल्कनीत बसावे. संचाच्या उघडलेल्या दांडीला प्लास्टिकचे आवरण असलेली पाच-सहा मीटर तार चिमट्याने जोडावी. ती विजेच्या तारांपासून दूर असावी आणि वादळात काढून ठेवावी.

दिवसा १५ मेगाहर्ट्झच्या आसपास, तर सूर्यास्तानंतर ६ ते १० मेगाहर्ट्झच्या दरम्यान शोध घ्यावा. प्रथम १० मेगाहर्ट्झवर चीनच्या ‘बीपीएम’ या प्रमाणवेळ केंद्राची टिकटिक लागते का, ते पाहावे. लागल्यास संच व तार ठीक आहेत असे समजावे. जुन्या संचांवर मीटरचे आकडे असतात. ३०० ला त्या आकड्याने भागले की मेगाहर्ट्झ मिळतात. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात उषा मेहता व सहकाऱ्यांनी मुंबईत चालविलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर, म्हणजे सुमारे ७.१ मेगाहर्ट्झवर, बोलत असे.

केंद्रांची वेळापत्रके मार्च व ऑक्टोबरच्या अखेरीस बदलतात. त्यांतील जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवावेत.

दिनांक, वेळ, मेगाहर्ट्झ आणि आवाजाची स्पष्टता वहीत नोंदवावी. ही वही म्हणजे या छंदाचे पासबुकच! तपशीलवार नोंद पाठविणाऱ्या श्रोत्याला अनेक केंद्रे पोचपावती म्हणून सचित्र ‘क्यूएसएल’ कार्ड देतात. एकेक केंद्र मौन होत असताना, जी अजून बोलत आहेत ती ऐकण्यास आजची संध्याकाळच उत्तम.