पिवळं दिसलं की युरिया? आधी पान बघा, मग माती



झड उघडली आणि कंपनीच्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागले. वीस-पंचवीस दिवसांचं सोयाबीन, शेंड्याची पानं पिवळी आणि खाली एकच प्रश्न: "ताई, एकरी किती युरिया टाकू?"

त्यातल्या एका मामांच्या रानात मी दहा दिवसांपूर्वी गेले. युरियाची दोन पोती बांधावर आलेली होती. म्हटलं, "मामा, पोतं फोडायच्या आधी मला दहा मिनिटं द्या." मामा म्हणाले, "देतो की. पण पीक गेलं तर तुम्ही भरून देणार का?"

प्रश्न रास्त होता. त्या दहा मिनिटांत आम्ही काय बघितलं ते आज सगळ्यांसाठी लिहिते. तुमच्या रानात तुम्हीही हेच बघा.

*१. कोणतं पान पिवळं?*
नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. म्हणून नत्राचा पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. लोहाचं उलटं आहे. ते जुन्या पानातून सहसा हलत नाही, त्यामुळे कोवळ्या पानाची उपासमार होते. शेंड्याची पानं पिवळी, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या आणि खालची पानं चांगली, असं असेल तर लोह कमी पडतंय. मामांचं असंच होतं.
(पानावर पिवळे-हिरवे चट्टे आणि मधूनच एखादं झाड पिवळं असेल तर तो मोझॅक रोग असू शकतो. त्याला खत हा उपाय नाही, लगेच फोटो पाठवा.)

*२. पिवळं कुठे?*
सगळं रान पिवळं नव्हतं. पाणी थांबलेला सखल भाग आणि पांढरे चुनखडीचे खडे दिसतात तो पट्टा तेवढा पिवळा. उंचवट्याची कड हिरवी. खत तर सगळीकडे एकाच पेरणीयंत्रातून पडलेलं. मग फरक खताचा नाही, मातीचा.

*३. मुळावरच्या गाठी*
दोन्हीकडची झाडं मुळासकट उपटली आणि गाठी नखाने चिरल्या. हिरव्या भागातल्या गाठी आतून गुलाबी-लाल, म्हणजे हवेतलं नत्र धरायचं काम चालू. सखल भागातल्या गाठी थोड्या आणि आतून पांढरट. पाण्याखाली त्यांना हवाच मिळाली नव्हती.

*४. लिंबू*
मूठभर कोरड्या मातीवर लिंबू पिळलं. बुडबुडे आले. म्हणजे जमिनीत चुना भरपूर.

आता कारण. आपल्या काळ्या जमिनीत लोह कमी नसतं, ते अडकलेलं असतं. चुनखडीमुळे सामू ८ च्या वर गेला की लोहाचा फार थोडा भाग पाण्यात विरघळतो. त्यात पाणी साचलं की मुळांनी सोडलेला कर्बवायू बाहेर पडत नाही. तो पाण्यात विरघळतो, चुन्याशी मिळून बायकार्बोनेट तयार होतं आणि मुळाला लोह उचलता येत नाही. कोठार भरलेलं, पण कुलूप लागलेलं.

मागच्या हंगामात हे पटवायला मी आपल्या केंद्रावर तीन पेले ठेवले होते. एकाच पिशवीतलं बियाणं. दोन पेल्यांत एकाच चुनखडीच्या रानातली माती, पण एकाच्या तळाला भोकं, दुसऱ्याला नाहीत. तिसऱ्यात कोकोपीट. बिनभोकाच्या पेल्यातली रोपं आधी पिवळी पडली, भोकं असलेली बरी राहिली, कोकोपीटमधली हिरवी. पण कोकोपीटमध्ये अन्न फारसं नसतं. तिथे खत मी पाण्यातून देत होते. कोकोपीटची करामत एवढीच की त्यात हवा खेळते आणि सामू कमी असतो, म्हणून दिलेलं खत रोपाला लागू पडतं. भाजीपाल्याची रोपं ट्रेमध्ये जोमदार दिसतात आणि चुनखडीच्या रानात लावल्यावर पिवळी पडतात, त्याचंही हे एक कारण आहे.

*युरियाने काय होईल?*
मातीत युरियाचं नायट्रेट होतं. मूळ नायट्रेट घेतं तेव्हा मुळाजवळचा सामू आणखी वाढतो आणि लोह जास्तच अडकतं. म्हणजे खर्च करून पिवळेपणा वाढवायचा. पोतं २६६ रुपयांचं आहे, पण वाया जाणारे पंधरा दिवस कोणत्याच दुकानात मिळत नाहीत.

*आता काय करायचं?*
✅ आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. वापसा आला की कोळपणी करा. बऱ्याच रानात एवढ्यावरच नवीन पान हिरवं येतं.
✅ सुधारणा दिसली नाही तर फवारणी: १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५० ग्रॅम फेरस सल्फेट. सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. गरज वाटली तर ८-१० दिवसांनी पुन्हा.
✅ फेरस सल्फेट हिरवट रंगाचं घ्या. तांबूस, गंजलेलं असेल तर परत करा.
❌ या द्रावणात १९:१९:१९ किंवा दुसरं स्फुरदाचं खत मिसळू नका, साका बसतो.
❌ ईडीटीए लोह चुनखडीच्या जमिनीत सोडू नका, तिथे ते टिकत नाही. ते फवारणीसाठी ठीक. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए लागतं, पण ते महाग आहे. सोयाबीनला फवारणीच परवडते.

*पुढच्या हंगामासाठी:* एकरी १० किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्या. पेरणी रुंद वरंबा-सरीवर करा आणि बियाण्याला रायझोबियम लावा. माती परीक्षणाच्या कागदावर फक्त नत्र-स्फुरद-पालाश बघू नका, सामू आणि चुनखडीचे आकडेही बघा.

मामांनी त्याच दिवशी चर काढले आणि वापसा आल्यावर फवारणी केली. माझ्या सांगण्यावरून चार ओळी मुद्दाम सोडल्या, म्हणजे फरक कशाने पडला ते कळावं. काल फोटो आला. चर काढलेल्या सगळ्या भागात नवीन पान सुधारलंय, फवारलेल्या ओळींत जास्त. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी झालेली नाहीत आणि सगळ्यात खोलगट जागेतली झाडं गेली ती गेलीच. खाली मामांचा आवाजी निरोप: "ताई, पोती कपाशीला ठेवलीत. पण चर आठ दिवस आधी काढायला सांगायचं होतं."

खरं आहे. म्हणून तुम्हाला आजच सांगते. पुढचा पाऊस यायच्या आत सखल भागाचे चर बघून घ्या. फोटो पाठवताना तीन पाठवा: शेंड्याचं पान, खालचं पान आणि उपटलेलं मूळ.

तुमची कृषी सल्लागार