हात दुखतोय? नुसत्या आरामानं भागत नाही

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझा उजवा हात संपावर गेला. दिवसभर पिपेट, रात्री लॅपटॉप. कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ यायची की चहाचा कप उचलवेना. तीन आठवडे आराम केला, दुखणं गेलं. लॅबमध्ये परतल्यावर चौथ्या दिवशी परत हजर.

दिवाळीत धर्मापुरीला गेले तेव्हा शेजारच्या मावशींची ऊसतोडीला निघायची तयारी चालली होती. त्यांना कोपर दाखवलं तर म्हणाल्या, "कोयता धरला की आमचं बी असंच व्हतंय बाळा. पण खाडा केला तर पैसे कापतेत."

पिपेट आणि कोयता, दोन्हीकडे दुखण्याचं कारण जवळपास एकच. मूठ आवळतात ते पुढच्या बाजूचे स्नायू. पण मनगट आत वळू नये म्हणून मागचे स्नायूही तेवढ्याच वेळ ताणून धरतात. त्यांचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेला असतो. म्हणून हात दुखला की स्माइलीचा बॉल दाबत बसू नका! तो त्याच स्नायूंवर आणखी ओझं टाकतो.

आता आराम का पुरत नाही ते बघा. जुनाट दुखण्यात टेंडनमध्ये सूज फारशी नसते, तंतूंची रचना विस्कटलेली असते. आरामानं कळ थांबते, दोरी मात्र मजबूत होत नाही. त्यासाठी मोजून-मापून भार लागतो. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी टाचेचा टेंडन दुखणाऱ्या १५ हौशी खेळाडूंना १२ आठवडे रोज दोनदा, टाच हळूहळू खाली आणण्याचा व्यायाम दिला. पंधराही जण पुन्हा पळू लागले. पेपर वाचताना एक लक्षात घ्या: माणसं फक्त १५, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. पुढच्या अभ्यासांत निकाल इतके झळझळीत आले नाहीत, तरी तत्त्व टिकलं.

मी करते ते असं. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलायचं आणि चार सेकंद घेत हळू खाली सोडायचं. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. थोडं दुखलं तर चालेल, सकाळपर्यंत निवळलं पाहिजे. नाहीतर पाणी कमी करा. सोबत बोटांना रबरबँड लावून ती उघडायची, आणि खांदे मागे ओढायचे, कारण वाकलेल्या पाठीची भरपाई शेवटी हातच करतो. मी हे एक दिवसाआड करते. जड भारानंतर पहिले २४ ते ३६ तास टेंडनमधलं कोलॅजन बनण्यापेक्षा तुटतं जास्त, म्हणून मधला दिवस.

मावशींना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "एक दिवसाआड कोयता कोण ठेवू देतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटेपासून तोडणी, मग मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणं. त्यात मधला दिवस येतोच कुठं?

तुम्हाला तो दिवस मिळू शकतो, तर थिसिसचं शेवटचं प्रकरण येईपर्यंत थांबू नका. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर ते बहुतेक मनगटात दबलेल्या नसेचं दुखणं आहे. तिथं बाटली बाजूला ठेवा, आधी डॉक्टर गाठा.