बाळाची लघवी अडली की कमी झाली?

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारभर झोपलेल्या बाळाचे लंगोट संध्याकाळपर्यंत कोरडे राहिले, की 'बाळ लघवी धरून ठेवतंय' अशी काळजी घरात सुरू होते. पण लघवी कमी तयार होणे आणि तयार झालेली लघवी अडणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे उपायही वेगळे आहेत.

बहुतेक बाळांना जन्मानंतर २४ तासांत पहिली लघवी होते. पहिल्या आठवड्यानंतर दूध पुरेसे मिळणारे बाळ दिवसातून किमान सहा वेळा लंगोट ओले करते. घाम, ताप किंवा जुलाबाने अंगातले पाणी घटले, की मूत्रपिंडे पाणी राखतात. मग लघवी कमी आणि गडद पिवळी होते. अशा वेळी सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी, साखरपाणी किंवा जिऱ्याचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. ते वारंवार पाजावे. मोठ्या बाळाला दुधासोबत उकळून गार केलेले पाणी द्यावे. जुलाब असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ओआरएस द्यावे.

लघवी धरून ठेवण्यामागे बहुधा वेदना असते. लंगोटाच्या जागी पुरळ उठले किंवा जंतुसंसर्ग झाला, की लघवी करताना आग होते. दीड-दोन वर्षांचे मूल ती आग लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी लघवी रोखते. बद्धकोष्ठतेत साठलेला मळही मूत्राशयावर दाब आणतो. अशा मुलाला कोमट पाण्याच्या टबात बसवून त्यातच लघवी करू द्यावी. पायांवर बसवून 'शू-शू' करण्याची आजीची पद्धतही चांगली. रागावल्याने मूल आणखी रोखते.

मेलबर्नच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी लघवी मिळवताना तान्ह्या बाळांच्या ओटीपोटावर थंड ओले कापड हलकेच गोल चोळून पाहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाच मिनिटांत लघवी झालेल्या बाळांचे प्रमाण ३१ टक्के होते. न चोळलेल्यांत ते १२ टक्के होते. घरीही हे करून पाहता येते. मात्र पोट दाबून लघवी काढू नये.

सहा ते आठ तास लंगोट कोरडे असेल, टाळू खोल गेली असेल, बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल, ओटीपोट फुगले असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा सर्दी-खोकला नसताना ताप असेल, तर घरगुती उपाय थांबवून लगेच दवाखाना गाठावा. मुलग्याची धार बारीक असेल किंवा लघवी थेंबथेंब होत असेल, तर सोनोग्राफी आवश्यक ठरते. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच पडदा असतो. निदान लांबले तर मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते. वेळीच कळल्यास दुर्बिणीतून तो पडदा काढता येतो.

शेवटची लघवी कधी झाली, रंग कसा होता आणि दूध किती वेळा पाजले, एवढे डॉक्टरांना सांगता आले तरी निम्मे निदान सोपे होते.